निळा पंप, तपकिरी पंप आणि सासूबाई

मंगळवार, ४ मार्च

लिफ्टनं आज मान टाकली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, आत कुणी नसताना. म्हणजे जातानाही सभ्यपणा सोडला नाही. लिफ्टवाला आला, मान वर करून बघितलं, पार्ट मागवावा लागेल म्हणाला, महिना-दीड महिना धरून चाला.

आम्ही सहाव्या मजल्यावर. मला दमा. आणि नेमक्या परवाच सासूबाई बॅग घेऊन दाखल झाल्यात, पंधरा दिवसांसाठी, कारण त्यांच्या घराला रंग लावणं चाललंय आणि रंगाच्या वासानं त्यांचीही छाती भरते. जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात. आमच्या घरात सध्या दोन ग्रह आहेत आणि दोघांनाही धाप लागते.

जेवताना पंपांवरून जुंपली. सासूबाई सकाळ-संध्याकाळ तपकिरी पंप ओढतात आणि त्याचे गोडवे गातात. मलाही डॉक्टरीणबाईंनी तपकिरी दिला होता, पण चार दिवस ओढून काडीचा फरक पडला नाही, म्हणून मी तो कपाटात ठेवून दिला. माझा भरवसा निळ्यावर. ओढला की पाच मिनिटांत छाती मोकळी. याला म्हणतात औषध.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुमचा निळा म्हणजे पाहुणा. येतो, गोंधळ घालतो, निघून जातो. तपकिरी कसा घरचा असतो."

पाहुणा कोण आणि घरचा कोण हे मी बोललो नाही. पण ठरवलं, होऊन जाऊ दे. सहा मजले आहेत, दोन पंप आहेत, लिफ्ट नाही. शास्त्रशुद्ध तुलना करायची, गुण आणि दुष्परिणाम दोन्ही लिहायचे. ही वही त्यासाठीच आणलीय. निःपक्षपाती निरीक्षक मी स्वतः. बायकोला सांगितलं तर ती फक्त "बरं" म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

गुरुवार, ६ मार्च

पहिली चाचणी. खालीच निळा दोनदा ओढला आणि हरणासारखा सुटलो. चौथ्यापर्यंत थांबलो नाही. सासूबाई मागून येत होत्या, एक पायरी, एक श्वास, जणू जिना त्यांनी आयुष्यभरासाठी भाड्यानं घेतलाय.

दाराशी मी आधी पोहोचलो, ही नोंद ठळक असावी. मात्र हात असे थरथरत होते की किल्ली भोकात जाईना. तेवढ्यात त्या आल्या, स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत गेल्या आणि मला विचारलं, चहा टाकू का.

निकाल: बरोबरी.

शनिवार, ८ मार्च

माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवतो, गिऱ्हाइकानं घालून बघितलं की पक्की कवळी करतो. आमच्याच इमारतीत खाली माझं दुकान आहे. घासताना पूड उडते, ती छातीला वाईट, पण धंदा सोडून बसू कुठे? शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात. सासूबाईसुद्धा.

आज तळमजल्यावर नव्यानं राहायला आलेले गृहस्थ आले. एकटेच असतात. पक्षीसंग्रहालयात नोकरी करून निवृत्त झाले. मला डॉक्टर म्हणतात. मी दोनदा चूक सुधारली, मग सोडून दिलं. त्यांची मागणी अशी की दात दिसायला कसेही चालतील, पण त्यांतून शीळ वाजली पाहिजे. तरुणपणी शीळ घालून पाखरं हातावर बोलवायचे म्हणे. आताच्या कवळीतून नुसता वारा जातो. आता या वयात शीळ कुणाला घालणार, असं मी विचारलं तर लाजले. लाजण्यासारखं मी काय विचारलं, कळलं नाही. त्यांचं नाव मी मनात शीळवाले ठेवलंय.

सोमवार, १० मार्च

तपकिरी पंपाचे दुष्परिणाम उजेडात येऊ लागलेत. यादी करतो.

सासूबाईंचा आवाज बसला आहे. कालपासून कोंबडीच्या पिलासारखा येतो. गाल लाल असतात. जेवणात लक्ष नसतं, काल सूपमध्ये साखर घातली आणि तसंच प्यायल्या. आरशासमोर बराच वेळ असतात. कारण नसताना हसू येतं. आणि मुख्य म्हणजे अंगात चळवळ फार. दिवसातून तीनदा खाली जातात. एकदा पाव आणायला, एकदा पाव ताजा नव्हता ते सांगायला, आणि एकदा नुसत्याच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला हे औषध झेपत नाहीये, स्पष्ट आहे.

वर त्यांनी माझ्या कवळीला नावं ठेवली. टाळूला झोंबते म्हणाल्या. अकरा वर्षं तोंडात आहे, कधी झोंबली नाही, आता झोंबते. मी म्हटलं, आई, कवळीत खोट नाही. त्या म्हणाल्या, मग माझ्या तोंडात आहे का? 

माझ्या बाजूनं सगळं उत्तम. पंखच फुटलेत. चढण्याआधी दोनदा ओढतो, चौथ्या मजल्यावर एकदा, पोहोचल्यावर एकदा. मग शिलाई मशीनसारखी छाती धडधडते आणि वाटतं, अजून दोन मजले असते तर काय बहार आली असती.

गुरुवार, १३ मार्च

शीळवाल्यांना मेणातले दात घालून दाखवले. आरशात बघितलं आणि म्हणाले, डॉक्टर, हा पुढचा दात शेजारच्याला काहीतरी सांगतोय का? खरंच वाकडा बसला होता. पुन्हा बसवला, पुन्हा वाकडा. हात थरथरतात आजकाल. चहा कमी करायला हवा.

झोपही नीट लागत नाही. पहाटे खोकला येतो, मग निळा ओढतो, मग खोकला जातो आणि झोपही जाते. तरी उत्साह दांडगा आहे.

बायको गाडी चालवायला शिकवते, म्हणून तिला सगळीकडे गाडीच दिसते. आज तिनं माझ्या हातातून पंप घेतला, कानाशी धरून हलवला आणि हा कधी आणला म्हणून विचारलं. गेल्या आठवड्यात, मी म्हटलं.

"अॅक्सिलरेटरवर पाय दाबून ठेवलायस," ती म्हणाली, "आणि म्हणतोस गाडी छान पळते."

मी म्हटलं, पळतेच आहे. तिनं तपकिरी कुठे ठेवलायस, एवढंच विचारलं. कपाटात, मी म्हटलं. मग आम्ही दोघांनी तो विषय कपाटातच ठेवला.

रविवार, १६ मार्च

आज फसवणूक पकडली. सासूबाई शीळवाल्यांसोबत अंगणातल्या बाकावर बसल्या होत्या. मला बघताच शीळवाले टोपी सारखी करू लागले आणि सासूबाई झाडाकडे बघू लागल्या. म्हणजे माझ्या पाठीमागे साक्षीदार जमवणं चाललंय. जिना चढून आल्यावर माझी काय अवस्था होते, याची बित्तंबातमी त्या दुकानाच्या शेजाऱ्याकडून काढणार आणि रात्री जेवताना माझ्यावर उलटवणार. बाई बसल्या आवाजातसुद्धा राजकारण करू शकते.

मी पण कच्च्या गुरूचा चेला नाही. उद्यापासून दिवसातून चार फेऱ्या.

शुक्रवार, २१ मार्च, हॉस्पिटल

वही बायकोनं आणून दिली. पेनही. म्हणाली, लिही आता, निःपक्षपाती.

बुधवारी दुपारी, दुकानात जागा नव्हती म्हणून, मी प्लास्टरची पिशवी खांद्यावर टाकून घरी वर निघालो. खाली दोनदा ओढला. दुसऱ्या मजल्यावर दोनदा. चौथ्याच्या पुढे छातीत कुणीतरी पोतं दाबून भरावं तसं झालं. पंप ओढला, काहीच झालं नाही. परत ओढला. हा निळा माझा, पाच मिनिटांत दार उघडणारा, त्यानं ओळखच दिली नाही. मी पायरीवर बसलो. श्वास आत जात होता पण बाहेर येत नव्हता, आणि घशातून मांजराच्या पिलासारखा आवाज येत होता. मला आठवतंय, मला राग आला होता. भीती नंतर वाटली.

सासूबाई खाली निघाल्या होत्या. नटलेल्या. मला बघितलं आणि काही विचारलं नाही. पिशवी ढकलून दिली, मी आडवा व्हायला लागलो तर मला धरून ताठ बसवलं, कोपर गुडघ्यांवर टेकायला लावले. मग कठड्यावरून वाकून हाक मारायला तोंड उघडलं.

आवाजच आला नाही. नुसती हवा. त्यांनी परत तोंड उघडलं, परत तेच. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या क्षणी जे बघितलं ते या वहीत कसं लिहायचं, मला कळत नाही. मग त्यांनी पायातली सपात काढली आणि कठड्याच्या लोखंडावर बडवायला लागल्या. साऱ्या जिन्यात टोले घुमले. खालून शीळवाले धावत आले, म्हणजे त्यांच्या वयाला जमेल तसे. त्यांनीच गाडी बोलावली, बायकोला फोन केला.

गाडी येईपर्यंत सासूबाई माझ्या शेजारी पायरीवर बसून होत्या. माझ्या कानाशी तोंड आणून, त्या हवेच्या आवाजात एवढंच म्हणत होत्या, "हळू. माझ्याबरोबर सोडा. मी सोडते, तुम्ही सोडा." मी सोडत होतो.

शनिवार, २२ मार्च, हॉस्पिटल

आता बरा आहे. मास्कमधून औषधाची वाफ दिली, गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरीणबाईंनी बोलणी दिली. सगळ्यांत गुणकारी बोलणीच असावीत.

त्यांनी मला पंप ओढून दाखवायला सांगितलं. मी ओढला. त्या म्हणाल्या, निम्मं औषध जिभेवरच राहिलं. मग समजावलं. दम्यात श्वासाच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. निळा त्या नळ्या थोड्या वेळापुरत्या सैल करतो, सूज तशीच. तपकिरी ती सूज उतरवतो, पण हळूहळू, रोज घेतला तर, आणि घेताना काहीच जाणवत नाही. चार दिवसांत कंटाळणाऱ्यांसाठी ते औषध नाही, म्हणाल्या. हात थरथरणं, छातीची धडधड, झोप उडणं, हे सगळं निळा वारेमाप ओढल्याचं. जितका जास्त लागतो, तितका दमा हाताबाहेर चाललाय असं समजायचं. उत्साह कुठला, ते शरीर ओरडत होतं.

सासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून मान डोलवत होत्या. मग राहवलं नाही म्हणून बसक्या आवाजात म्हणाल्या, मी हेच सांगत होते यांना.

डॉक्टरीणबाई वळल्या. आवाज कधीपासून बसलाय? तोंड उघडा. कवळी काढा. बॅटरी मारून बघितलं, तर टाळूवर पांढरे चट्टे. बुरशी. तपकिरी ओढल्यावर चूळ भरता का? नाही. पंपाला लावायची ती प्लास्टिकची लांब नळी दिली होती, ती वापरता? नाही, लहान मुलांच्या दुधाच्या बाटलीसारखी दिसते. कवळी काढून ओढता? कुणासमोर कवळी काढायची म्हणजे, सासूबाई म्हणाल्या आणि पुढे बोलल्या नाहीत.

मग दोघांचे कागद डॉक्टरीणबाईंनी शेजारी शेजारी ठेवले. आम्हा दोघांनाही निळा आणि तपकिरी, दोन्ही लिहून दिले होते. तेच औषध, खोकी वेगळ्या कंपनीची. सासूबाईंचा निळा त्यांच्या पर्समध्ये सील न फोडता पडला होता. मी एकच ओढत होतो, त्या एकच ओढत होत्या, आणि गेले अडीच आठवडे आम्ही औषधांची तुलना करत होतो.

बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. म्हणून मी हात पुढे केला, तर ती हसत होती आणि रडतही होती.

माझ्या कवळीत खोट नव्हती, हे मात्र सिद्ध झालं.

रविवार, ३० मार्च

घरी. तपकिरी सकाळ-संध्याकाळ, नळी लावून, मग चूळ. सासूबाई आणि मी बेसिनपाशी शेजारी उभे राहून खळखळ चूळ भरतो. औषध घेतल्यावर काही म्हणजे काही वाटत नाही. धडधड नाही, पंख नाहीत. पाणी प्यायल्यासारखं. पण पहाटे खोकल्यानं उठवलं नाही, दोन दिवस झाले.

सासूबाईंच्या घराचा रंग कधीच वाळला. जायचं नाव काढत नाहीत. माझ्यासाठी थांबल्यात, हे उघड आहे. मला भरून आलं. म्हटलं, आई, तुम्ही माझी काळजी करू नका, खुशाल जा. त्यांचा चेहरा पडला. किती जीव लावलाय माझ्यावर, मला कल्पना नव्हती.

शनिवार, ५ एप्रिल

आज हात सरळ होते. सकाळी दुकानात बसलो, मेण तापवलं, आणि शीळवाल्यांचे पुढचे चार दात एका दमात बसवले. एका दमात. हे शब्द लिहिताना मजा वाटते. पुढच्या दोन दातांच्या मागची जागा जराशी पोकळ ठेवली, जीभ टेकायला. पुन्हा पुन्हा बसवायचं काम पडलं नाही. संध्याकाळपर्यंत कवळी पक्की करून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी घातली. ओठ ओले केले. पहिल्यांदा थुंकी उडाली. दुसऱ्यांदा वारा. मग ते जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले, वर बघितलं, आणि शीळ घातली. काय शीळ होती. बारीक, लांब, वळणं घेत जाणारी, प्रत्येक मजल्यावर जरा टेकून पुढे चढणारी. दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी दारं उघडली. मला माझ्या कामाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

आणि सहाव्या मजल्यावरून सासूबाई उतरल्या. हात कठड्यावर, पायात एकच सपात. आवाज परत आलाय त्यांचा, कारण मधेच कुठेतरी हसल्या ते तळापर्यंत ऐकू आलं. तपकिरी पंप रीतसर घेतला तर काय चमत्कार करतो बघा. हे डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

रविवार, ६ एप्रिल

मी गाढव आहे.

सकाळी बायकोला कालचं सांगत होतो, तपकिरीचा गुण, एका सपातेत सहा मजले वगैरे. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"तुला खरंच कळलं नाही?"

काय कळलं नाही? तिनं सांगितलं. मी उठून ही वही आणली आणि दहा मार्चचं पान काढलं. गाल लाल. आरसा. सूपमध्ये साखर. कारण नसताना हसू. अरे देवा. आवाज बसणं तेवढं पंपाचं होतं. बाकीचा सगळा रोगी निराळ्याच कारणानं आजारी होता, आणि त्याच्यासाठी शिळेचे दात मी स्वतः घडवून दिले.

दुपारी सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. पदराशी चाळा करत नव्हत्या, सरळ बघत होत्या.

"मुलीला सांगितलंय मी. तुम्हाला विचारते आहे."

"मला कशाला विचारायचं, आई?"

"जिन्यात तुमच्या शेजारी बसले होते ना, तेव्हा मला वाटलं, तुम्ही गेलात तर माझ्यात पुन्हा एवढं बळ नाही. आधी तुमचे सासरे गेले. मग मी ठरवलं, जो श्वास आहे तो वापरायचा. लोक हसतील."

"हसू देत," मी म्हटलं. "निम्म्यांचे दात माझेच आहेत."

त्या इतक्या हसल्या की कवळी सुटायला आली. मग म्हणाल्या, त्यांच्यासमोर मी कवळी काढते आता. हे वाक्य एवढं मोठं का होतं, मला लगेच कळलं. सुधारतोय मी.

रविवार, २७ एप्रिल

काल नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मी सही केली. नातं या रकान्यात "जावई" लिहिलं, तर तिथल्या बाईंनी दोनदा वाचलं आणि विचारलं, कुणाचे? दोघांचाही, मी म्हटलं.

आज संध्याकाळी गच्चीवर चहा-केक झाला. गच्ची आमच्याही वर एक मजला, म्हणजे सात. चढलो. मधे बोललोसुद्धा. निळा खिशात आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात असू दे, पण गेल्या दोन आठवड्यांत एकदाच काढावा लागला. नवरा-नवरी आठच्या सुमारास तळमजल्यावर गेली, नवरीचा तपकिरी पंप आणि ती दुधाची बाटली नवऱ्याच्या हातात.

आम्ही दोघंच राहिलो. खुर्च्या उचलता उचलता बायको सहज म्हणाली, आज तिची एक शिकाऊ बाई आली नाही, कारण काल तिनं खांबाला गाडी घासली आणि मग खाली उतरून खांबाची माफी मागितली. घर कुठे आहे तुमचं, असंही विचारलं त्याला. मी हसलो. बायको थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही थांबलो. हसलो की मागोमाग खोकला येतो, खोकल्यामागून धाप, हे मला इतकी वर्षं ठाऊक आहे. आम्ही दोघं त्याची वाट बघत उभे राहिलो. तो आला नाही.

मग तिनं दुसरी सांगितली. एक न्यायाधीश हिरव्या दिव्याला थांबायचे, पुरावा बघू म्हणायचे. मी परत हसलो, पोट धरून. परत काही नाही. तिसरी. चौथी. तिच्याकडे असल्या गोष्टींची खाण आहे आणि मला पत्ताच नव्हता.

"इतकी वर्षं का नाही सांगितल्यास?"

"तू हसलास की खोकायचास," ती म्हणाली. "मग घाबरायचास. मी सांगणं सोडून दिलं."

 ती खुर्च्या घेऊन खाली निघाली, मी मागे.

आता मी इथे टेबलापाशी बसून हे लिहितोय आणि ती आतून हाका मारतेय. पोस्टमन आणि रिव्हर्स गिअरची गोष्ट राहिलीय म्हणे, आणि ती बसून सांगता येत नाही, उभं राहून करून दाखवावी लागते. आलो गं.